दादांनी उतरवलेलं बॉनेट

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वासुदेवदादा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले, पदर सावरला आणि तशीच खाली बसले. तेव्हा तोंडातून जे निघालं नाही ते या वहीत लिहिते आहे.

बातमी आली तेव्हा मी गुडगावच्या एका लॉनवर होते. दुपारचं लग्न होतं. गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "सुमन, दादा गेले गं..." मी आधी पाणी पूर्ण भरलं, झाकण लावलं, टेकूची काठी काढली, बॉनेट हळूच खाली आणलं. दादांनी शिकवलेल्या क्रमानेच. रडू त्यानंतर आलं.

दादा आमच्या वर्ध्याकडचे. दिल्लीत एका सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. ज्या पांढऱ्या अँबॅसिडरवर त्यांची सगळी नोकरी झाली, तीच पुढे लिलावात निघाली तेव्हा त्यांनी विकत घेतली. इथे जुन्या गाड्या रस्त्यावर चालवू देत नाहीत, म्हणून ती ट्रकवर चढवून लग्नाच्या लॉनवर न्यायची आणि फाटकापासून मांडवापर्यंत नवरीला बसवून सावकाश चालवायची, असं काम ते करू लागले. माझे यजमान गेल्यावर मी गाडी पुसायला त्यांच्याकडे जायचे. दादांची नजर कमी झाली तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "पुसतेस तर चालवायलाही शीक." मी नाही नाही म्हणत शिकले. वहिनी म्हणायच्या, "बोलत नाही, पण गिअर बरोबर टाकते पोरगी."

पण ही गाडी हळू चालवली की तापते. पुढे वरात नाचत असली की तापणारच. एकदा वाफ निघाली. बॉनेट जुन्या जाड पत्र्याचं, बिजागरीच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या, सगळं वजन हातावर यायचं. माझं उजवं मनगट लहानपणी मोडलं आणि वाकडंच जुळलं. दोनदा जोर केला, उचललं गेलं नाही. कुणाला मदत मागायची तर जीभ उचलत नव्हती. बँड थांबला. नवरीचा मामा म्हणाला, "औरत को ड्राइवर रखोगे तो यही होगा." शेवटी चार वेटरांनी येऊन उचललं.

घरी आल्यावर मी चावी दादांपुढे ठेवली. "दादा, माझ्यानं नाही होत. दुसरा कुणी बघा."

त्यांनी चावी घेतली नाही. माझ्या मनगटाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींच्या स्वयंपाकघरातून आट्याच्या थैल्या आणल्या. पाच किलोची उजव्या हाताने डोक्याच्या वर धरायला लावली. धरली. दहाची धरली तर मनगट थरथरायला लागलं. "बस, ठेव," म्हणाले. वहिनी ओरडल्या, "अहो, आटा सांडेल! कसली कसरत लावलीय?" दादा म्हणाले, "माप घेतोय."

ते माप घेऊन ते मायापुरीत फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेले. पत्र्याच्या बॉनेटचा साचा घेऊन त्यावरून तसंच फायबरचं बनवायचं, पण सात किलोच्या आत. साच्यात कापडाचे थर अंथरून त्यावर रसायन लावत होता तो माणूस, नाकात झोंबायचा वास यायचा. दादा दोन दिवस शेजारी स्टूल टाकून बसले. त्या पत्र्यावरचा एकेक पोचा त्यांना तारीखवार माहीत होता... आणि तोच पत्रा ते गाडीवरून उतरवत होते.

करोल बागेत आम्ही नव्या स्प्रिंगा घ्यायला गेलो तर ओळखीचा दुकानदार हसला. "दादा, असली लोहा उतार के प्लास्टिक लगा रहे हो? गाड़ी की नाक कट गई!"

"तू आएगा हर शादी में उठाने?" दादांनी विचारलं.

"मैं क्यों आऊँगा?"

"तो फिर स्प्रिंग दे."

पण त्याच स्प्रिंगांनी घोटाळा केला. त्या जड पत्र्याच्या वजनाला बनवलेल्या. नवं बॉनेट बसवलं, मी खाली दाबलं, स्प्रिंगा वर रेटायला लागल्या आणि मधल्या मध्ये कोपरा कर्रकन तडकला. मला वाटलं, आता दादा चिडणार. ते तडकल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाले, "चूक माझी. हलक्याला जडाचा जोर लावला."

तडा भरून घेतला. स्प्रिंगा काढून टाकल्या. टेकूला त्यांनी जयंतीच्या जुन्या निळ्या झेंड्याची बांबूची काठी कापून दिली. वाऱ्याने बॉनेट उडू नये म्हणून पुढे दोन खिट्ट्या लावल्या. रंग तोच दिला, तरी उन्हात ते मडगार्डपेक्षा जरा वेगळं पांढरं दिसतं. त्यानंतर मी ते एका हाताने उचलते. कुणाला बोलवावं लागत नाही.

खर्च अठरा हजार झाला होता. दादा नको म्हणत होते, पण माझ्या मनगटापायी त्यांच्या गाडीला झालेला खर्च मला गिळवत नव्हता. शेवटी दर लग्नामागे पाचशे घ्यायला तयार झाले. नजर अधू, तरी प्रत्येक नोट डोळ्यांजवळ धरून मोठ्याने मोजायचे. एकदा मी म्हटलं, "दादा, विश्वास नाही का?" तर म्हणाले, "मोजून घेतलं की देणाऱ्याची मान ताठ राहते."

पत्र्याचं बॉनेट त्यांनी विकलं नाही. गच्चीत विटांवर आडवं ठेवलं. दर रविवारी फडकं घेऊन वर जायचे. वहिनी त्यावर सांडगे वाळत घालायच्या. "तुमच्या साहेबांच्या गाडीवर माझे सांडगे फार छान वाळतात," म्हणायच्या, आणि दादा सांडग्यांच्या भोवतीनं तेवढी जागा पुसायचे.

ते गेले तेव्हा माझे दोन हजार राहिले होते. या सीझनची चार लग्नं झाल्यावर मी ते घेऊन गेले. वहिनी गच्चीत होत्या. रविवार होता. बॉनेटवर धूळ बसलेली पाहून मी आधी फडकं आणून ते पुसलं, मग पैसे पुढे केले.

"आता कशाला गं? घेणारा गेला..."

"वहिनी, मोजून घ्या," मी म्हटलं. त्यांच्यापुढे इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदराने हात पुसले. मग एकेक नोट दादांसारखीच डोळ्यांजवळ धरून मोठ्याने मोजली, आणि म्हणाल्या, "दोन हजार. फिटले, सुमन. सगळे फिटले."