भेट फक्त जर्मनमध्ये

सुनेत्राबाई लग्न होऊन मिरजेहून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला आल्या, तेव्हा देवदत्तराव म्हणाले होते, "भाषा काय, येईल हळूहळू." अठरा वर्षं झाली, ती अजून हळूहळूच येत होती. दुकानात, डॉक्टरकडे, पालकसभेत लहानपणापासून लेकच पुढे होऊन बोलायची. ऊर्जा म्हणजे माझी जीभ, असं कौतुकाने सांगत फिरायच्या बाई! शाळेतून तक्रारीची पत्रं यायची, त्यांचा अर्थही ऊर्जाच सोप्या जर्मनमध्ये सांगायची. सहलीचं आहे, असं कळलं की या सही करून मोकळ्या.

तिसऱ्यांदा मोबाइल हिसकावताना एका म्हातारीचा हात मोडला आणि सतराव्या वर्षी ऊर्जाची रवानगी मुलींच्या तुरुंगात झाली. देवदत्तरावांनी मंडळात ठोकून दिलं, "हॅनोव्हरला होस्टेलवर आहे." भेटीला ते कधी फिरकले नाहीत. गणपतीत कुणी चौकशी केली की सुनेत्राबाई मोदकांकडे बघत "छान आहे" म्हणायच्या. खरं बोलायची घरात चोरी, बाहेरही चोरी. जीव नुसता गुदमरून जायचा.

आजची भेट मोठी होती. सुटल्यावर आईवडिलांकडे राहायचं की सरकारी वसतिगृहात, हे ऊर्जाने आज सांगायचं आणि पहारेकरणीने कागदावर लिहून घ्यायचं होतं. भेटीत बोलायचं फक्त जर्मनमध्ये, पहारेकरणीला कळलं पाहिजे ना! बाईंनी आठवडाभर वाक्यं घोकली होती. पण पोरीला समोर बघितलं आणि सगळी पाटी कोरी. तुझ्यासाठी जीव तुटतो गं, याला जर्मनमध्ये म्हणतात तरी काय?

"तू येते घरी?" त्या कशाबशा जर्मनमध्ये म्हणाल्या. "बाबा रागावत नाही. मी नीट शिकते भाषा."

ऊर्जाने नजर टेबलाच्या कडेकडे वळवली. मग म्हणाली, "या."

जर्मनमध्ये या म्हणजे हो. सुनेत्राबाईंना रडूच फुटलं. लेकीचा हात धरून त्या "डांके, डांके" असे आभार मानत सुटल्या. पहारेकरीणही हसली आणि कागदावर खूण करायला वाकली.

"नाइन," नाही म्हणत ऊर्जाने तिला थांबवलं. "वसतिगृह लिहा. ते जर्मन नव्हतं. मराठीत सांगितलं मी तिला."

"काय सांगितलं?" पहारेकरणीने विचारलं.

"निघा आता, असं. घरी गेले की पुन्हा हिची पत्रं मीच वाचायची. मला नाही जमणार."

आपल्याकडे दारातून निघालेल्या परक्या पाहुण्यालासुद्धा कुणी जा म्हणत नाही, या म्हणतात. बालवाडीत जायला लागल्यापासून ऊर्जा आईच्या मराठीला जर्मनमध्येच उत्तर देत आली होती. इतक्या वर्षांत ती आईशी मराठीत बोलली, ती आज, एकच शब्द.

सुनेत्राबाई उठल्या नाहीत. भेटीची वीस मिनिटं उरली होती, दाराला बाहेरून कुलूप होतं आणि त्यांच्याकडची सगळी वाक्यं संपली होती.