दुसरीचा आवाज

पद्मावतीबाई हैदराबादेत हिमायतनगरच्या सरकारी शाळेत आम्हा मुलींना मराठी शिकवायच्या. माहेर-सासर दोन्हीकडे निजामाची नोकरी, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात उर्दू सहज यायची. पंचावन्न साली पुण्याचे दिग्दर्शक प्रतापराव पिक्चरसाठी माणसं शोधत हैदराबादला आले. शाळेच्या नाटकात बाईंना पाहून त्यांनी आईचं काम दिलं. शूटिंगच्या वेळी फौजेत निघालेल्या मुलाला निरोप देताना बाई म्हणाल्या, "जा बेटा, पोचल्याबरोबर खत टाक."

"असंच बोला बाई," प्रतापराव म्हणाले. "हेच हवंय मला."

पुढच्या वर्षी पिक्चरला दिल्लीचं पदक मिळालं. आईच्या तोंडची निर्मळ मराठी मनाला भिडते, असं परीक्षकांनी म्हटल्याचं पेपरात आलं. त्याच आठवड्यात शाळेत कागद फिरत होता. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तुटणार, तर मराठी शिक्षकांनी मुंबई राज्यात जायचं की इथंच राहायचं, ते लिहून द्यायचं होतं. बाईंनी हसत 'मुंबई' लिहिलं. "आपल्या बोलण्याला पदक देणारी माणसं आहेत तिकडं," म्हणाल्या.

ऑक्टोबरात इथल्या थिएटरात खेळ लागला. बाई, त्यांचे यजमान श्रीनिवासराव आणि आम्ही सहा मुली पहिल्या रांगेत. पडद्यावर बाईंचा चेहरा आला, ओठ हलले.

"जा बाळ, पोचताच पत्र टाक."

आवाज भलत्याच बाईचा होता. बारीक, गोड.

मी दचकून शेजारी पाहिलं. बाईंचा हात स्वतःच्या गळ्यावर होता. पुढचा तासभर पडद्यावर त्या दिसल्या की शेजारी त्यांचे ओठ हलायचे, आवाज नाही.

खेळ संपल्यावर हार घालायला त्यांना स्टेजवर बोलावलं. खेळासाठी पुण्याहून आलेले प्रतापराव तिथंच होते. त्यांना बाईंनी विचारलं, "माझा आवाज कुठाय?"

"अहो, पुण्यात 'खत टाक' म्हटलं की शेतात टाकायचं खत वाटतं. लोक हसले असते. दुसऱ्या बाईकडून वदवून घेतलं."

"मला कळवायचं तरी."

"पदक मिळालं ना आपल्याला?"

माइक चालू होता. सगळ्या थिएटरानं ऐकलं. बाई लोकांकडे वळल्या. "पदक मिळालं तो आवाज माझा नाही. माझा हा आहे." आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं, 'खत'सकट. कुणीही हसलं नाही. हार खुर्चीवर ठेवून त्या खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी कागद परत मागून त्यांनी 'मुंबई' खोडलं.

"एवढ्यावरून?" मुख्याध्यापिका कुसुमताई चकितच झाल्या.

"चार वाक्यं बोलले, तीही त्यांना बदलावी लागली. तिकडं जाऊन रोज काय बोलू?"

बाई इथंच राहिल्या. मराठीचे वर्ग आटत गेले. त्यांच्या शेवटच्या वर्गात चारच मुली होत्या. प्रतापरावांना त्यांनी एकच पत्र लिहिलं, त्या दुसऱ्या बाईंचं नाव विचारायला. उत्तर आलं, एका ओळीचं: नाव कुठं लिहून ठेवलेलं नाही.

ते वाचून बाईंनी कागद माझ्यापुढं धरला. "अगं, पदक तर तिचं होतं," एवढंच म्हणाल्या.