मलमलचे धुतलेले तुकडे

मी मॉसवर काम करते असं सांगितलं की ओळखीचे लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग आपल्या निसरड्या अंगणाकडे. पावसाळ्यात भिंतींवर मऊ हिरवा थर चढतो ना, तोच हा मॉस. मी तो प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये वाढवत असे. त्याच्या पेशीत हरितलवकं असतात, ती उजेडातून अन्न बनवतात. आणि तंतुकणिका असतात, त्या अन्नातून शक्ती काढतात. कुठलं प्रथिन कोणाकडे राबतं आणि कुठलं दोन्हीकडे, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी मॉस बर्फात ठेवून वाटायचा, मलमलमधून गाळायचा आणि ही लवकं आणि तंतुकणिका न फोडता वेगळ्या करायच्या.

घरी, शहरातल्या गढा भागात, आई आणि मी दोघीच होतो. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून आई स्वयंपाक करायची आणि उरलेला दिवस पलंगाच्या कडेला बसून काढायची. माझ्या कामाची नुकतीच सुरुवात होती. एका संध्याकाळी तिला माझ्या पिशवीत हिरवे डाग पडलेले मलमलचे तुकडे दिसले.

"एवढं चांगलं कापड काहून फेकून राहिली?" ती म्हणाली. "दे, मी धुऊन देते."

श्रीखंडाचं फडकं ती जपायची, तसे ते तुकडे जपू लागली. धुण्याच्या पावडरमध्ये भिजवायचे, गच्चीवर कडक उन्हात वाळवायचे, वर इस्त्री. घड्या अशा, की पाहुण्यांना रुमाल म्हणून द्याव्यात. संध्याकाळी मी आले की दारातच विचारायची, "आज तरी साबूत राहिले का गं तुझे ते हिरवे कण?" बाबा गेल्यानंतर ती आपणहून रोज विचारू लागलेली ही पहिलीच गोष्ट होती.

साबूत राहत नव्हते. अखंड लवकांचा हिरवा पट्टा नळीत खाली बसायला हवा; माझं सगळं फुटून वरच तरंगायचं, आणि मग कुठलं प्रथिन कोणाचं हे सांगणार तरी कसं? मी हात हलका केला, बर्फ वाढवला, नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशीनला मनसोक्त शिव्या घातल्या. माझे मार्गदर्शक सर मात्र गोड आवाजात म्हणाले, "बेटा, दिवाली तक देख लो. नहीं तो विषय बदल देंगे." ते ओरडले असते तर मला परवडलं असतं.

मग एक दिवस तुकडे घरीच विसरले. नेपियर टाउनच्या बाजारातून नवं मलमल आणलं, प्रयोगशाळेतच साध्या पाण्यात उकळून घेतलं. त्या दिवशी पट्टा खाली बसला. दुसऱ्या दिवशी आईची एक घडी उलगडून पाण्यात बुडवली आणि हलवली. बारीक फेस आला. साबणाचा अंश पुरतो. लवकांची नाजूक आवरणं त्याने विरघळतात.

आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. हे तिला सांगितलं तर ती पुन्हा पलंगाच्या कडेला जाऊन बसेल, अशी भीती वाटली. म्हणून काम नव्या कापडावर करायचं आणि जुनेच तुकडे जरा चुरगळून धुवायला घरी न्यायचे, असं ठरवलं. चार-पाच दिवस हे नाटक चाललं. शेवटी आईने एक तुकडा खिडकीशी उजेडात धरला.

"याच्यावर तर हिरवं लागलंच नाही," ती म्हणाली. "तू दुसरं कापड वापरून राहिली ना?"

मी सगळं सांगितलं, फेसासकट.

"म्हणजे मीच फोडून राहिली होती."

"हो, आई."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं. तुझे बाबा गेले तेव्हापासून मला कोणी काही म्हणतच नाही. मामाचा फोन आला की तो हळू बोलतो. शेजारची दीदी मी म्हणते त्याला हो म्हणते. मी काय बोलते, काय करते, कोणी टोकतच नाही. असं वाटतं, तुझ्या बाबांबरोबर मी पण गेली."

ती उठली, मोठं पातेलं गॅसवर ठेवलं आणि मला विचारू लागली, किती वेळ उकळू, पाणी किती वेळा बदलू. मी सांगत गेले. एकदा तिने घाई केली तर मी "असं नाही" म्हणाले. तिने निमूटपणे पाणी बदललं.

रात्री जेवायला बसलो. पहिला घास घेतला.

"आई, वरण खारट झालंय."

तिने चाखून बघितलं.

"आज तर मीठ कालच्यापेक्षा कमी आहे," ती म्हणाली. "काल तर तू दोनदा वाढून घेतलं."

आणि ती हसली. मी किती दिवसांनी तिचं हसणं ऐकत होते.