खरखराटातलं भजन

हिवरखेडला आमची झेंडूची शेती. बाबा गावच्या भजनी मंडळात होते, पण कायम मागच्या रांगेत. पुढचा माणूस खंजिरी वाजवत ओळ म्हणायचा आणि बाबा बाकीच्यांसोबत ती उचलायचे. एकदाच, मोझरीच्या कार्यक्रमात, त्यांना एकट्याला भजन म्हणायला लावलं. नेमकी त्या दिवशी फुलं तोडायची म्हणून आई घरी राहिली. ती हळहळ तिच्या मनातून कधी गेली नाही.

बाबा वारल्यावर मंडळातल्या एका काकांनी त्यांच्या जुन्या रेकॉर्डरवर केलेलं त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आणून दिलं. लावलं तर नुसता खरखराट. तरी आई ते रोज ऐकायची.

मी अकोल्यात प्रोग्रामर, म्हणजे आईच्या लेखी हा माझ्या डाव्या हातचा मळ. मी मात्र त्या फाइलीपुढे कितीतरी दिवस डोकं धरून बसलो. शेवटी कळलं, फाइल खराब नव्हतीच. आवाजाचा प्रत्येक कण म्हणजे एक आकडा, आणि तो दोन बाइटमध्ये, दोन तुकड्यांत ठेवलेला असतो. कुठलं यंत्र मोठा तुकडा आधी लिहितं, कुठलं लहान. आपणही पंचवीस लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना पाच आधी म्हणतो, पण ते आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. त्या जुन्या रेकॉर्डरने मोठा तुकडा आधी लिहिला होता आणि तसं कुठेही नोंदवलं नव्हतं, त्यामुळे आमची यंत्रं ते तुकडे उलटे वाचत होती. बनवणाऱ्या शहाण्यांचा मला भयंकर राग आला. तुकड्यांची अदलाबदल केली आणि खंजिरी खणखणीत वाजली. तिथेच थांबवलं. पुढचं आईसोबत ऐकायचं होतं.

रविवारी घरी गेलो. आई पदर सावरून बसली. मुख्य गायकाची भजनं झाली. मग कुणीतरी सांगितलं की आता हिवरखेडचे फुलवाले म्हणतील. बाबा खाकरले. आईने माझा हात धरला.

आणि रेकॉर्डिंग संपलं.

काकांना फोन केला. ते सहज म्हणाले की मुख्य गायकाचं झालं की ते रेकॉर्डर बंद करायचे, उगाच बॅटरी कशाला जाळायची. फोन ठेवून आईला सांगितलं.

आईने धरलेला माझा हात सोडला. मग म्हणाली, "खरखर होती तवाच बरं होतं रे. मले वाटे, आतमंधी ते गाऊन राहिले."