मयतीला दिलेलं कापड

आण्याच्या पठारावर विमान उतरायचं असं सांगितलं तर लोक आता हसतात. तिथं आज बाजरी उभी असते. पण ते रान सात वर्षं मी सांभाळलं. विमान कंपनीचे साहेब लोक त्याला एरोड्रोम म्हणत, गावात त्याला विमानाचं रान म्हणत, आणि मला मास्तर. ना स्टेशन, ना रूळ, तरी मास्तर. पारावरून कुणी हटकायचं, "काय मास्तर, तुमची घार आज बसणार का वरच्या वर जाणार?" मी हसायचो. मला ते आवडायचं. मी महाळुंगे पडवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, व्हर्नाक्युलर फायनल झालेला. आकाशातून येणारी वस्तू माझ्या खुणेवर खाली उतरते, याची धुंदी मला चढली होती.

विमान गुरुवारी यायचं. टपालाची पिशवी, देवीची लस, तापाच्या दिवसांत कोयनेल. पठारावर डॉक्टर नव्हता. पाऊस लागला की घाटाखालचे ओढे भरत आणि आम्ही चार-चार दिवस वरच अडकून पडायचो. एकदा एका बाळंतिणीला त्याच विमानातून पुण्याला नेलं होतं. ती जगली. तेव्हापासून गावाला ते रान देवस्थानाच्या जमिनीसारखं झालं होतं. कुणी त्यात गुरं घालत नसे.

माझं काम तसं साधं. रानाच्या मधोमध चुन्याचं कडं होतं, ते पांढरं ठेवायचं. वाऱ्याची दिशा दाखवणारी बांबूवरची पिशवी फाटली तर शिवायची. विमानाची घरघर ऐकू आली की ओली शेणकुटं पेटवून धूर करायचा. आणि फुली. मांजरपाटाच्या पंधरा-पंधरा हातांच्या दोन पट्ट्या कंपनीने दिल्या होत्या. रान ओलं असेल तर त्या कड्यावर आडव्या-तिडव्या मांडायच्या. वरून फुली दिसली की वैमानिक उतरत नसे, टपालाची पिशवी वरूनच टाकून निघून जायचा. रान ओलं आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, असा नियम होता. दगड भरलेली बैलगाडी रानभर फिरवायची. चाक दोन बोटांपेक्षा जास्त रुतलं की फुली. विमान यायच्या सकाळी गाडी फिरवल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नसे. सात वर्षांत एकदाच फिरवली नाही.

दसरा झाला की जुन्नरहून दोघे पिंजारी भाऊ वर यायचे. गाद्या, दुलया पिंजून द्यायचे, महिनाभर राहायचे आणि खाली जायचे. रानाच्या कडेला कंपनीची एक पत्र्याची शेड रिकामी होती, तिथं मी त्यांना राहू द्यायचो. दिवसभर त्यांच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज यायचा. थोरला बोलका, बायकांची थट्टा करणारा. धाकटा गप्प. त्या वर्षी थोरल्याला ताप आला, आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस लागला. तीन दिवस उघडला नाही. कोयनेल माझ्याकडं होती, ती दिली. मंगळवारी सकाळी तो गेला.

धाकटा माझ्या दारात आला. भिजलेला होता, म्हणून उंबऱ्याच्या आत येईना.

"मास्तर, पांढरं कोरं कापड हाय का कुठं? भाऊ गेला."

गावात मुसलमानांची दोन घरं होती, पण त्यांच्याकडंही कोरं कापड नव्हतं. बायकांनी लुगडी पुढं केली होती, एकाने धुतलेलं धोतर. पण मयताला कोरं लागतं, रंग नसलेलं, न शिवलेलं. दुकान बेल्ह्याला, आणि मधे ओढे. माती लवकर द्यायची असते, तो थांबूही शकत नव्हता. हे सगळं त्याने सांगितलं नाही. माझ्या पेटीत फुलीचं कापड होतं. जुनं कुजलं म्हणून कंपनीने त्याच महिन्यात नवं पाठवलेलं, एकदाही जमिनीला न लागलेलं.

मी बायकोकडं पाहिलं. ती चुलीपुढून उठून बाजूला झाली, कारण पेटी तिच्या मागं होती. करगोट्याची किल्ली काढून मी पेटी उघडली. दोन्ही पट्ट्या त्याच्या हातावर ठेवल्या. बायकोने त्या ओल्या होऊ नयेत म्हणून वर पोतं घातलं.

तो म्हणाला, "शुक्रवारपातूर तेवढंच आणून देतो. पण परवा विमान हाय ना तुमचं?"

"तोवर ऊन पडंल," मी म्हणालो.

हे माझे शब्द. मी ते विसरलो नाही, कुणी मला विसरूही दिले नाहीत. दुपारी मातीला मीही गेलो. लोक म्हणाले, मास्तरांनी दिलं म्हणून माणूस नीट गेला. त्या दिवशी मी फार मोठा माणूस झालो होतो.

बुधवारी पाऊस थांबला. ओढे उतरताच धाकटा जुन्नरला निघाला, आईला सांगायला आणि कापड आणायला. गुरुवारी लख्ख ऊन पडलं. रानावरची माती वरून सुकून पांढरट दिसू लागली. बैल गोठ्यात उभे होते, गाडी दारात होती. मी जू उचललं आणि परत ठेवलं. चाक रुतलं असतं तर फुली मांडावी लागली असती, आणि फुली नव्हती. म्हणून मी ठरवलं की रुतणार नाही. इतकं सरळ आहे ते. घरात माझी दोन धोतरं होती, पांढरी. ती मांडता आली असती. ते मला सुचलं होतं, हेही लिहून टाकतो. पण वैमानिकाने साहेबाला सांगितलं असतं की मास्तर धोतरांची फुली करतो, आणि साहेबाने विचारलं असतं की कापड कुठं गेलं. मी धुराची तयारी केली.

विमान चुन्याच्या कड्याजवळ टेकलं, शंभर पावलं नीट पळालं, आणि खालच्या काळ्या जमिनीत त्याचं एक चाक गेलं. ते हळूच, एखादी म्हैस बसावी तसं नाकावर बसलं. मोठा आवाजही झाला नाही. वैमानिकाचं खांद्याचं हाड मोडलं होतं, तोंड रक्ताने भरलं होतं. आम्ही त्याला खाटेवर घालून घाट उतरवला. वाटेत तो मला एकच विचारत होता, फुली का नव्हती. मला इंग्रजी कळत नाही असं मी दाखवलं. तेवढं कळत होतं.

शनिवारी साहेब आला, बरोबर जुन्नरचा फौजदार. साहेबाने रानात काठी खुपसून पाहिली, मग पेटी उघडायला लावली. पेटी रिकामी. कंपनीची वस्तू परस्पर कुणाला दिली तर नोकरी जाते, हे मला माहीत होतं. पण तेवढंच नव्हतं. ज्याच्या खुणेवर विमान उतरतं तो माणूस मला राहायचं होतं. मी म्हणालो की कापडाला ओल लागली होती, म्हणून शेडजवळ वाळत घातलं, आणि तिथून ते गेलं. शेडमधे कोण राहत होतं, हे फौजदाराने विचारलं. मी सांगितलं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, असं पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो.

पंचनामा लिहून होत होता, तेवढ्यात धाकटा घाट चढून आला. आईने एक दिवस ठेवून घेतलं म्हणून शुक्रवारचा शनिवार झाला होता. काखेत नवा मांजरपाट, वर मेणकापड गुंडाळलेलं. माणसं पाहून तो थबकला, मग सरळ माझ्याकडं आला.

"घ्या मास्तर. मोजून आणलंय, वर हातभर जास्तच हाय."

फौजदाराने कापड हातात घेतलं आणि हे कशाबद्दल, असं विचारलं.

"ह्यांनी दिलं व्हतं भावाच्या मयतीला. त्ये फेडाया आणलंय."

फौजदार माझ्याकडं वळला. "दिलं होतं का तुम्ही?"

मी म्हणालो, "नाही."

धाकट्याने माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असावं की मला नीट ऐकू आलं नाही, कारण त्याने तेच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, एखाद्या म्हाताऱ्याला सांगावं तसं. मी जमिनीकडं बघत होतो. मग तो बोलायचा थांबला, आणि नंतर कोर्टातही फारसा बोलला नाही. फौजदाराला सगळं सोपं झालं होतं. चोराला धास्ती वाटली, त्याने माल भरून आणला. कापड परत आणणं हीच त्याची कबुली ठरली. आणलं नसतं तर कदाचित सुटला असता.

मातीला आलेले वीस-पंचवीस जण गावात होते. कापड कुणी दिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटील संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसले. म्हणाले, "राव, तुमी गेला तर विमान जाईल. त्याचं काय, फिरस्ता माणूस हाय." गावाने तोंड मिटलं. मी गावाला दोष देत नाही. त्यांनी विमान वाचवलं. मी काय वाचवलं, ते सांगायची मला लाज वाटते.

बायकोने त्या दिवशी एकदाच विचारलं, "अवं, तुमी दिलं व्हतं ना?" मी बैलांना वैरण टाकायला गेलो. त्यानंतर ती विमानाच्या रानात पाय ठेवायची नाही. चुना कालवायला मला बाहेरून बाई लावावी लागली.

जुन्नरला कोर्टात मी शपथेवर तेच सांगितलं. त्याला तीन महिन्यांची सजा झाली. कोर्टाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, हिरव्या बांगड्या, तोंडावर पदर. ती त्या दोघा भावांची आई, हे मला बाहेर पडताना कळलं. मी लांबच्या पायरीने उतरलो.

वर्षभराने चुना आणायला मी जुन्नरला गेलो, तर बाजारच्या गल्लीत तो दिसला. ओसरीवर गादी पिंजत होता. पळता आलं असतं, पण त्याने आधी पाहिलं. धनुकली थांबवली. मी काहीतरी पुटपुटलो, माफीसारखं. त्याने ते ऐकून घेतलं नाही.

"माझं जाऊ द्या. तीन महिने गेले, सरले," तो म्हणाला. "पण आमच्या अम्माला लोकांनी सांगितलंय, तुझा थोरला चोरीच्या कापडात गेला. मी सांगतो, तिला पटत न्हाई. कोर्टानं सांगितलंय ना उलटं. तुमी एक डाव येऊन सांगा तिला, कापड दिलेलं व्हतं म्हणून. भायेर कुणाला नका सांगू. तिला एकटीला सांगा."

घर कुठं आहे तेही त्याने सांगितलं. ओसरीपासून चौथं. मी म्हणालो, येतो, बैल सोडून येतो. बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, आणि चुना भरून पठाराची वाट धरली. पुढच्या बाजाराला जाईन, असं ठरवलं. मग सुगीनंतर. मग थंडी कमी झाल्यावर. म्हातारी कुणाला सांगणार नाही याची खात्री नव्हती, हे मी स्वतःला कारण दिलं. खरं कारण हे की तिच्यापुढं ते वाक्य म्हणायला मला तोंड उघडता आलं नसतं.

गेलो तेव्हा पुढचा दसरा येऊन गेला होता. चौथ्या घरात तो एकटा होता. उठला नाही, बसा म्हणालाही नाही.

"गेली अम्मा. रोजे सुरू व्हायच्या आधी," तो म्हणाला. मग बराच वेळ कापसातली सरकी वेचत राहिला. "मरायच्या आधी सहा महिने रोज चरखा घेऊन बसायची. डोळ्याला दिसत न्हवतं. सूत काढलं, साळ्याकडनं इनून घेतलं, आन् शेजारच्या चार बायकांना बोलवून दाखवलं. म्हणाली, हे माझं हाय, माझ्या सुताचं हाय, बघून ठेवा. तिच्यावर त्येच घातलं."

मी उभाच होतो. तो म्हणाला, "जावा मास्तर, ऊन व्हईल."

पुढं दीड वर्षात कंपनीने मार्ग बदलला आणि विमान बंद झालं. साहेबाचं पत्र आलं, सामान विकून टाकावं. बांबू, पिशवी, पत्रे विकले. कापड कागदोपत्री फाटलं असं मी दाखवलं. त्याने आणलेलंच ते कापड, खटला संपल्यावर कंपनीचं म्हणून मला परत मिळालेलं. तीन-साडेतीन वर्षं मी तेच रानावर मांडत होतो, हातभर जास्तीचं, आणि त्या प्रत्येक वेळी वैमानिक वरूनच परत गेला होता. अजून घरात आहे. चुन्याने आणि मातीने कडक झालंय, पण विरलेलं नाही.

परवा पेटी आवरताना बायकोने ते वर काढलं. उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी घातली आणि परत तळाशी ठेवलं.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "मी मेले तर घरात दुसरं काय नसलं तरी चालंल. हे माझ्यावर घालू नका."

मी हो म्हणालो. मग हे लिहायला बसलो. जुन्नरच्या त्या गल्लीत हे वाचून दाखवणारं कुणी असेल, तर चौथ्या घरात सांगावं. कापड मी दिलं होतं.