साळवे काकांचं वळण

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तरी असू द्या.

सुरुवात वाईटापासून करायला हवी. पण मला आधी चांगलंच आठवतं, त्याला काय करू? त्या रविवारांची आठवण निघाली की अजून छाती धडधडते — भीतीनं नाही हो, आनंदानं. आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट बहुतेक हीच आहे.

जालन्यात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक जुनी लहान गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक, टपावर पिवळी पाटी. साळवे काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले आणि माझ्याकडं शिकवायला आले. ताठ माणूस, कायम पांढरा सदरा. सकाळी आल्या आल्या “जय भीम, मॅडम,” म्हणायचे. वर्षभरात मॅडमचं “पोरी” झालं आणि मला ते फार आवडलं.

एके दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, “मी तरुणपणी शर्यतीत जीप पळवल्ती.”

मी हसले. त्यांची मुलंही हसायची म्हणे. बाबांच्या गप्पा!

पण ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की सुगी उरकली, रानं मोकळी झाली की आपल्या जिल्ह्यात मोटारींच्या शर्यती व्हायच्या. लिलावातल्या जुन्या जीपा, गॅरेजवाल्यांनी जोडून-जाडून उभ्या केलेल्या गाड्या. मुरमाच्या माळावर गोल रस्ता आखायचे, त्याला लोक रिंगण म्हणायचे. बैलगाड्या जुंपून माणसं बघायला यायची. काका तेव्हा एका गॅरेजात कामाला होते. मग एका वर्षी एक जीप गर्दीत शिरली, माणसं जखमी झाली आणि ते सगळं कायमचं बंद पडलं. “तीन रिंगणं होती,” ते म्हणाले. “एक राजूरकडं, एक आष्टीजवळ आन् सगळ्यात मोठं कुंभार पिंपळगावला. तिथल्या वळणावर मी एका बड्या ठेकेदाराच्या नव्या जीपला बाहेरच्या कडेनं मागं टाकलं. बाहेरून! कुणी मानत न्हाई.”

मी म्हटलं, “चला, शोधू.”

किती सहज म्हटलं! माझे रविवार तोवर कसे जायचे, सांगू? पापड, पाहुणे, सासूबाईंचं औषध, धुण्याचा ढीग. पण “कामानं चाललेय, काका सोबत आहेत” म्हटलं की घरातलं कुणी अडवायचं नाही. आम्ही सकाळी निघायचो. डबा, पाण्याची कॅन, मोबाइलवर वरून दिसणारा नकाशा. आणि मी — बेचाळीस वर्षांची बाई — शाळेची सहल निघाल्यासारखी गाणी म्हणायची.

मातीचं रिंगण चाळीस-पन्नास वर्षांनी कसं ओळखायचं, माहीत आहे? आम्हालाही नव्हतं. हळूहळू कळलं. शेताचा बांध सरळ जाता जाता उगाच वाकतो. एखाद्या पट्ट्यात पीक खुरटं राहतं, कारण खालची जमीन दाबून दाबून दगड झालेली असते. म्हातारी माणसं त्या जागेला भलत्याच नावानं हाक मारतात. राजूरला असंच झालं. गणपतीच्या दर्शनाला आलेल्या गर्दीतून वाट काढत आम्ही गावाबाहेर पडलो, तर एक आजोबा म्हणाले, “ते मोटारीचं रान का? त्या टेकाडामागं.” मोटारीचं रान! मी काकांचा हातच धरला. टेकाडावर चढलो आणि तिरप्या उन्हात खाली अख्खा गोल उमटला होता — गवतात, फिकट, पण गोल! आम्ही दोघं वेड्यासारखे ओरडलो. खालची मेंढरं बिथरली.

आष्टीला तळ्याच्या कोरड्या काठावर फक्त पंचांचा दगडी ओटा सापडला. तरी त्या रात्री मला झोप आली नाही.

राहिलं कुंभार पिंपळगाव. आणि राहिले काकांचे डोळे.

हो, डोळे. एकदा शिकवणी चालू असताना डावीकडून आलेली मोटरसायकल त्यांना दिसलीच नाही. त्यांनी स्वतःहून चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. बाजूचं आधी जातं, मग मधलं. गेलेलं परत येत नाही, औषधानं फक्त वेग कमी होतो — झाला तर. हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काका म्हणाले, “तेवढं एक वळण बघू दे. मंग गेले तर गेले.”

आम्ही कुंभार पिंपळगावच्या आसपास रान रान पालथं घातलं. गाव वाढलेलं, उसाची आणि मोसंबीची लागवड झालेली, काकांच्या आठवणीतली एकही खूण जागेवर नाही. दर रविवारी नवी आशा आणि संध्याकाळी हात हलवत परत. पण मजा कमी झाली नाही. उलट वाढली! ऐकताय ना? वाढली.

आता ते सांगते.

कुंभार पिंपळगावला माझ्या मावससासूच्या घरी बारसं होतं. मधला वार होता, मी एकटीच गेले होते. जेवणं झाली, बायका पाळण्याभोवती बसल्या. मला आत गुदमरायला लागलं म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पडले. मोसंबीची बाग, तिच्या पलीकडं बाभळी, बाभळींच्या पलीकडं पडीक. आणि तिथं जमीन उचललेली होती. बाहेरच्या बाजूनं उंच, आतल्या बाजूला उतरती, लांबच लांब वळत गेलेली. तिच्या कडेला मातीत अर्धे गाडलेले टायर — एकामागं एक, ओळीनं. काहींवर चुन्याचा पांढरा पट्टा अजून होता.

माझ्या तोंडून किंकाळी फुटली. खरंच. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि त्या वळणावरून पळत सुटले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाहेरून! पाय मुरमानं सोलले. काय वाटत होतं, कसं सांगू? जणू शर्यत मीच जिंकले.

धापा टाकत मी चार फोटो काढले आणि काकांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि मी तोंड उघडायच्या आतच ते बोलायला लागले. “पोरी, शंभर वर्षं आयुष्य तुला! आत्ता तुझीच आठवण काढून राह्यलो. मला एक जागा आठवली बघ. नदीकडच्या अंगाला. रविवारी जल्दी निघू. काकूला दशम्या करायला सांगतो.”

नदीची बाजू बरोबर उलटी. तिथं काही नव्हतं, हे मला उभ्या जागी कळत होतं. माझा पाय त्या टायरवर होता.

आणि मी म्हणाले, “तेच विचारायला फोन केला, काका.”

एवढंच. एवढं एक वाक्य. मी काढलेले फोटो मोबाइलमधून पुसले, चपला घातल्या आणि आत जाऊन बाळाचा पाळणा हलवला.

का? मी कितीदा विचारलं स्वतःला. उत्तर काही खोल नाही. रिंगण सापडलं असतं तर रविवार संपले असते. दशम्या, ओरडणं, गाडीतली गाणी, कुणाची बायको-सून नसलेला तो एक दिवस — सगळं त्या दुपारी संपलं असतं. म्हणून मी एका माणसाचा उजेड खर्च केला. माझा नव्हे, त्याचा.

त्या रविवारी आम्ही नदीकडं गेलो. काका काठी टेकत बांधाबांधानं फिरले, डोळ्यांवर हाताची सावली धरून. “इकडं असंल का गं?” “बघू की, काका!” मी पुढं पुढं पळत होते. दशम्या खाल्ल्या. फार सुंदर दिवस गेला. मला एकदासुद्धा टोचलं नाही, हे सांगायला जड जातंय — पण तसंच झालं. टोचणी नंतर आली, आणि आली तरी मी तिला गाडीत शेजारी बसवून फिरवलं. पुढच्या रविवारी सांगू. ह्या वेळी नाही, पुढच्या. असे किती रविवार गेले, मोजायची हिंमत नाही झाली. पावसाळा गेला, कापसाची वेचणी आली.

काकांना आता नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत चालली होती. थर्मासमधला चहा कपाच्या बाहेर पडायचा आणि ते म्हणायचे, “रस्ता खराब हाय.” गाडी उभी असायची. एकदा त्यांनी विचारलं, “ती बांधावर बाई हाय का झाड?” झाड होतं. तेव्हा तरी? नाही. तेव्हाही नाही.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. रडत नव्हत्या, सपाट आवाजात म्हणाल्या, “यांना आता माझं तोंड बी दिसंना.”

त्या रविवारी मी गाडी थेट त्या बागेमागं नेली. आणि काय केलं, ऐका. ब्रेक दाबला आणि ओरडले, “काका! थांबा! सापडलं!” अगदी तशीच ओरडले, जशी पहिल्यांदा ओरडले होते. खऱ्या आनंदाची नक्कल केली, तीही माझ्याच.

त्यांना काहीच दिसत नव्हतं. उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं. त्यांनी गुडघ्यांवर बसून एकेक टायर चाचपला, चुन्याचा पट्टा नखानं खरवडून बोट नाकाशी नेलं. मग उभे राहिले, पायानं उतार अजमावला आणि हसले. इतके हसले! “हेच! बिलकुल हेच! इथून, बाहेरून घेतली मी गाडी. ठेकेदाराची जीप आतून दाबून राह्यली व्हती, आन् मी इथून!” हवेत दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे. मी त्यांच्या मागं होते. रडत होते. त्यांना ते आनंदाचं वाटलं असणार.

पुढच्या आठवड्यात ते थोरल्या मुलाला घेऊन आले. तो सरकारी नोकरीत, शर्यतीच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त हसलेला. तो वळणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, “बाबा, खरंच व्हतं की हे.”

काकांनी मान डोलावली आणि हात माझ्या दिशेनं केला — थोडा चुकलाच. “हिनं शोधलं. तुमी कुणी आला न्हाईत. ह्या पोरीनं सोडलं न्हाई.”

तो मुलगा माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरकले. काकूंनी घरी बोलावून हिरवी साडी दिली. मी ती घेतली. एका लग्नात नेसलेही. चांगली दिसते मला.

काका अजून आहेत. मी रविवारी जाते. ते अंगणात बसलेले असतात, कुणी आलं की वळणाची गोष्ट सांगतात, आणि मध्येच मला विचारतात — बांध केवढा उंच गं? टायर काळे पडलेत का? कडेनं गवत हाय का? मी सगळं बारकाईनं सांगते. मला ते फार नीट आठवतं. ते मान हलवतात, समाधानानं.

गेल्या खेपेला म्हणाले, “मला दिसलं न्हाई, ते जाऊ दे. तू तर बघितलंस ना, पोरी?”

मी म्हणाले, “हो, काका.”

बघितलं. त्यांना दिसत होतं, तेव्हाच बघितलं.