बोटांनी ओळखलेली चिनी थाळी

त्या आजींची तक्रार मला आजही शब्द न् शब्द आठवते. "साहेब, थाळी भिंतीवरच हाये, पन माही नाही."

मी तेव्हा भिलाईत पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आजी वैशाली नगरच्या, रेल्वेच्या गार्डची विधवा. थाळी चिनी मातीची, सासऱ्यांना नागपूरला एका इंग्रज अधिकाऱ्याने देश सोडताना दिलेली. परदेशी गिऱ्हाइकांसाठी चीनमध्ये रंगवलेली. गुलाबी फुलं, पंखे घेतलेल्या बायका. ओळखीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ती फोटो काढायला नेली आणि आठवड्याने परत आणून दिली.

आजींच्या मागोमाग स्टील प्लांटमध्ये नोकरीला असलेला मुलगा आला. "साहेब, आईचं मनावर घेऊ नका. मोतीबिंदू हाये, आता डोकंबी साथ देऊन नाही राहिलं. डॉक्टरले दाखवाचं हाये."

आजी मान खाली घालून बसल्या. चोरीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं.

मी विचारलं, "आजी, तुम्हाला कसं समजलं?"

"धुतानी समजलं. माह्या थाळीतली फुलं बोटाले लागते. एका बाईच्या पंख्यावर तर रेतीच्या कणावानी टोचते. हे थाळी सपाट हाये."

ठाण्याचा लेखनिक मुन्शी हसला. मी मात्र रोजनामच्यात नोंद केली आणि पंख्यासकट बयान लिहून घेतलं.

दहा दिवसांनी कॅम्प-1 वस्तीतल्या एका सुताराने चौकशी करत फिरणाऱ्या आमच्या हवालदाराला खबर दिली. त्या व्यापाऱ्याने थाळीच्या मापाची, आतून गादी लावलेली पेटी बनवून घेतली होती. त्याच्याकडच्या झडतीत पेटी मिळाली, आत हुबेहूब तशीच थाळी.

व्यापारी शांत होता. "ये मेरी खरीदी हुई है. उनकी तो लौटा दी."

मी दोन पंच बसवले, दोन्ही थाळ्या चादरीखाली ठेवल्या. आजींनी चादरीखाली हात घातला. पहिल्या थाळीवरून बोट सरळ फिरलं. दुसरीवर थांबलं. "हे माही. हा पंखा." मी थाळ्यांच्या जागा चार वेळा बदलल्या. चारही वेळा तीच. चादर काढली, तर बोट पंख्यावरच होतं, आणि थाळी पेटीतली होती.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "सोचा था, माताजी को दिखता नहीं," एवढंच तो बोलला.

पुढे संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी लेखी मत दिलं. जुन्या कारागिरांनी झिलईवर रंग देऊन थाळी पुन्हा भाजलेली, म्हणून रंग किंचित वर आलेला. दुसरी थाळी छापील. कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तर हजर करायच्या अटीवर, थाळी आजींना मिळाली.

आजींबरोबर ती घ्यायला आलेल्या मुलाने पंख्यावरून स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाला, "आई, चाल. डॉक्टरकडे जाऊ."

"कोनत्या?"

"डोळ्याच्या, आई."

आजी पहिल्यांदाच हसल्या.

तोवर मी तक्रारदाराकडे आधी पुरावा मागत असे. त्यानंतर आधी विचारू लागलो, तुम्हाला हे कसं कळलं? माणसं आपल्या हातच्या कामातून किती जाणतात, आणि ते त्यांना कुणी विचारत नाही, हे निवृत्तीपर्यंत दिसत राहिलं. तो प्रश्न वेळेवर सुचला, याचं मला अजून समाधान आहे.